तपन म्हणजे पाऊस नव्हे

अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की वऱ्हाडात एक वाक्य हमखास कानावर येतं: "तापू द्या. जेवढी तपन, तेवढा पाऊस." कृषी सेवा केंद्राच्या बाकावर, वरूड-मोर्शीच्या संत्रा बागेत, अमरावतीच्या राजकमल चौकात उसाचा रस पिताना, सगळीकडे तेच. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा लागतो. हे नऊ दिवस कोरडे, कडक गेले तर पावसाळा चांगला. मध्येच सरी आल्या तर "नवतपा गळला", मग पावसाचं काही खरं नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी येऊन गेलेलं असतंच, नवतपा हा त्यावरचा दुसरा शिक्का.

म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना वाद घालावासा वाटत नाही. माझा वाद आहे तो याच समजुतीच्या शिकलेल्या आवृत्तीशी. ती दर मे महिन्यात वर्तमानपत्रात, मोबाइलवर आणि चांगल्या चांगल्या पदवीधरांच्या बोलण्यात येते. तिची मांडणी अशी: जमीन तापते, हवा हलकी होऊन वर जाते, कमी दाब तयार होतो, समुद्रावरचे वारे त्या पोकळीकडे धावतात आणि पाऊस येतो. तिबेटचं पठार असंच तापून साऱ्या देशाचा मान्सून ओढून आणतं, मग आपलं दख्खनचं पठार तापलं तर आपल्यालाही फायदाच. हल्ली याला एक शेपूटही जोडलेलं असतं. जगाचं तापमान वाढतंय तर वाढू द्या, वऱ्हाडाला पाणी जास्त मिळेल.

यातली पहिली पायरी अर्धी खरी आहे. दुसरीबद्दल शास्त्रज्ञांत गेली पंधरा वर्षं जोरदार भांडण चालू आहे. तिसरी चुकीची आहे आणि शेतकऱ्याच्या खिशाला महाग पडणारी आहे.

आधी वर्षं बघू. २०२४ च्या मे अखेरीस अकोल्यात उन्हामुळे जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं, आणि त्या वर्षी देशात मान्सूनचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या १०८ टक्के पडला. तपनवादी मंडळी हे वर्ष लगेच पुढे करतात. पण २०१५ चा मेही असाच होता. आंध्र आणि तेलंगणात उष्माघाताने दोन हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्या वर्षी देशाचा पाऊस ८६ टक्क्यांवर अडकला. २००२ च्या मे महिन्यात आंध्रात हजारावर बळी गेले. मग जुलै आला तो सरासरीच्या जवळपास निम्मा पाऊस घेऊन, आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. उलट बाजूने २०२५ पाहा. २६ मेलाच मान्सून मुंबईत, महाराष्ट्रभर मेमध्ये पाऊस, म्हणजे नवतपा गळला नाही असं म्हणायला जागाच उरली नाही. तरी हंगाम १०८ टक्के. सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली होता. आणि २०२३ हे चौथ्या प्रकारचं उदाहरण. त्या वर्षी एप्रिलमध्ये अवकाळीने झोडपलं. बाळापूर तालुक्यातल्या पारसला मंदिराच्या शेडवर लिंबाचं झाड कोसळून माणसं गेली ती याच अवकाळीत. मग ऑगस्ट असा कोरडा गेला की १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट नव्हता.

तापलं आणि पडला, तापलं आणि नाही पडला, नाही तापलं तरी पडला, नाही तापलं आणि नाही पडला. चारही घरं भरलेली आहेत. ज्याला यात नियम दिसतो त्याने आधी आपल्याला हवी तेवढीच वर्षं वेचलेली असतात.

ही शंका काही आजची नाही. जॉर्ज सिम्पसन नावाचा हवामानशास्त्रज्ञ भारतीय हवामान खात्यात शिमल्याला नोकरीला होता. मध्येच तो कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेबरोबर दक्षिण ध्रुवाकडेही जाऊन आला, म्हणजे थंडी आणि उन्हाळा दोन्ही भरपूर पाहिलेला माणूस. १९२१ मध्ये त्याने नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर एक निबंध लिहिला आणि त्यात शिकल्यासवरल्या लोकांना तीन अडचणीचे प्रश्न टाकले. जमीन तापल्याने पाऊस येतो, तर भारत सर्वांत जास्त तापतो मे महिन्यात, पाऊस मात्र जुलैत भरात असतो, असं का? देशाचा सर्वांत तापणारा भाग वायव्येचा, तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, असं का? आणि ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी जमीन जास्त तापलेली आणि ज्या वर्षी पाऊस चांगला त्या वर्षी कमी तापलेली, असं आकडे सांगतात, ते का? शंभर वर्षं झाली. शाळेचा भूगोल अजून 'जमीन तापते म्हणून पाऊस' या उत्तरावरच आहे. पुण्यात शिकलेल्या आणि नंतर बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्य घातलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी सिम्पसनचे हे आक्षेप पुन्हा टेबलावर आणले. मान्सून म्हणजे मोठ्या आकाराचे खारे वारे ही कल्पना सोडा, असं त्यांचं सांगणं होतं. विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा सूर्यामागून उत्तरेला सरकतो आणि उपखंडावर येऊन बसतो, मान्सूनची मुख्य गोष्ट ती.

सिम्पसनचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल उघडी पडते. २०१९ चा जून आठवा. मान्सून केरळातच ८ जूनला पोचला, देशात जूनचा पाऊस सरासरीपेक्षा ३३ टक्के कमी. त्या महिन्यात विदर्भ भाजून निघाला. तो भाजला म्हणून पाऊस यायला हवा होता, पण भाजला तो पाऊस नव्हता म्हणून. ढग नाहीत, जमिनीत ओल नाही, मग सूर्याची सगळी ताकद हवा तापवण्यातच जाते. उन्हाचा कडाका बहुतेक वेळा पावसाच्या गैरहजेरीची नोंद असतो. हजेरीचं आमंत्रण म्हणून आपण तो वाचतो.

आता अकोल्याच्या हवेचाच हिशेब करू. मेची दुपार, ४५ अंश, आर्द्रता १२ टक्के. अशा एक किलो हवेत सात-साडेसात ग्रॅम बाष्प असतं. जुलैची दुपार, ३१ अंश, आर्द्रता ७५ टक्के. त्या एक किलो हवेत एकवीस-बावीस ग्रॅम. हवा १४ अंशांनी थंड झाली, म्हणजे किलोमागे साधारण चौदा किलोज्यूल उष्णता गेली. पण एक ग्रॅम बाष्पाचं पाणी होताना जवळपास अडीच किलोज्यूल बाहेर पडते. चौदा ग्रॅम जास्तीचं बाष्प म्हणजे पस्तीस किलोज्यूल. म्हणजे जुलैची ढगाळ, दमट, अंगाला चिकटणारी हवा मेच्या भट्टीपेक्षा ऊर्जेने श्रीमंत आहे. ती उष्णता आपल्या कातडीला कळत नाही, थर्मामीटरलाही कळत नाही, कारण ती बाष्पात लपलेली असते आणि ढगात जाऊन सुटते. गडगडणारा ढग उभा राहतो तो या लपलेल्या उष्णतेवर.

आणखी एक हिशेब. मेच्या त्या दुपारी जमिनीवरची हवा वर चढू लागली तर जवळपास साडेचार किलोमीटर चढल्यावर तिच्यात पहिला ढग धरेल. जुलैत हेच सहा-सातशे मीटरवर होतं. मेमध्ये शेतात धुळीच्या वावटळी उठताना आपण पाहतो, आकाशात एखादा फुटकळ ढग दिसतो, आणि त्याच्या वर मात्र वायव्येकडून आलेली कोरडी हवा झाकण घालून बसलेली असते. रिकामा तवा कितीही तापवला तरी त्यावर वाफ धरत नाही. थरच्या वाळवंटावर जूनमध्ये देशातला सर्वांत खोल उष्ण कमी दाब असतो, तरी पाऊस पडत नाही. त्या कमी दाबाची उंची थोडी आहे आणि त्याच्यावर कोरडी हवा खाली उतरत असते. कमी दाब म्हणजे पाऊस, हे समीकरण बातम्यांनी आपल्या डोक्यात बसवलं आहे. ते नेहमी खरं नसतं.

ज्यांना हे सगळं फार पुस्तकी वाटत असेल त्यांनी चिखलदऱ्याला जावं. परतवाड्याहून घाट चढलो की तासाभरात अकराशे मीटर उंचीवर पोचतो. मेमध्ये तिथे अकोल्यापेक्षा तापमान बरंच कमी, म्हणून तर सगळी अमरावती तिकडे पळते. आता तपनवाद्यांच्या नियमाने पाहिलं तर जास्त तापणाऱ्या अकोल्यात पाऊस जास्त पडायला हवा. अकोल्याचा वर्षाचा पाऊस साडेसातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास, चिखलदऱ्याचा त्याच्या दुपटीच्या घरात. गाविलगडाच्या डोंगराला तापण्याशी देणंघेणं नाही. तो पावसाळ्यातल्या दमट हवेच्या आडवा येतो आणि तिला उचलतो, एवढंच त्याचं काम. वरचा हिशेब इथे जुळतो की नाही तेही पाहा. अकोला समुद्रसपाटीपासून २८० मीटरवर. त्यावर सहा-सातशे मीटर म्हणजे नऊशे ते हजार मीटरला जुलैतल्या ढगांचा तळ. चिखलदरा अकराशेवर. म्हणून जुलैत देवी पॉइंटवर उभं राहिलं की समोरची दरी दिसत नाही, आपण ढगातच उभे असतो.

जाता जाता एक भौगोलिक तक्रार. अकोला पठारावर आहे असं म्हणणाऱ्यांनी नकाशा उघडून बघावा. उत्तरेला गाविलगड, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये पूर्णेचं खोरं, त्यालाच तर आपण पायनघाट म्हणतो. खारपाणपट्टा या सखल भागातलाच. पठार तापल्याचा सिद्धान्त पठारावर नसलेल्या गावाला लावणं हे फक्त वऱ्हाडातच होऊ शकतं.

आता तिबेट. इथे मात्र विरोधी बाजू हलकी नाही, तिला तिचा मान द्यायला हवा. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटरपेक्षा उंच, आणि पसारा पंचवीस लाख चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे आठ महाराष्ट्र. एवढा भूभाग इतक्या उंचीवर उन्हात तापला की त्याच्या लगतची हवा त्याच उंचीवरच्या आजूबाजूच्या मोकळ्या हवेपेक्षा उबदार होते. मैदान तापलं तर तळाची हवा तापते, पठार तापलं तर थेट वातावरणाच्या मधल्या थरात चूल पेटवल्यासारखं. जर्मनीचे हर्मान फ्लोन, चीनचे ये दुझंग यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर हे मांडलं. १९५८ मध्ये पी. कोटेश्वरम यांनी दक्षिण भारतावर उन्हाळ्यात फार उंचावरून वाहणारा पूर्वेचा जेट झोत आणि तिबेटवरचा उच्चदाब यांची सांगड घातली. १९७५ मध्ये हान आणि मनाबे यांनी संगणकाच्या प्रतिकृतीतून आशियातले पर्वत काढून टाकले आणि मान्सूनची घडीच विस्कटली. तेव्हापासून तिबेटची भट्टी आणि भारताचा पाऊस हे नातं पाठ्यपुस्तकात पक्कं झालं.

पण हान-मनाबेंच्या प्रयोगात एक मेख आहे. पर्वत काढले तेव्हा दोन गोष्टी एकदम गेल्या. पठाराची उष्णता गेली, आणि हिमालयाची भिंतही गेली. मान्सून कशामुळे विस्कटला, हे त्यावरून कसं सांगणार? २०१० मध्ये विल्यम बूस आणि झीमिंग क्वांग यांनी 'नेचर'मध्ये ही गाठ सोडवली. त्यांनी संगणकात पठार सपाट केलं आणि हिमालयाची अरुंद भिंत तेवढी ठेवली. दक्षिण आशियाचा मान्सून जवळपास जसाच्या तसा राहिला. मग हिमालय काय करतो? उत्तरेची थंड कोरडी हवा अडवतो. गंगेच्या मैदानावर साचलेली दमट, ऊर्जेने भरलेली हवा त्यामुळे पातळ होत नाही. त्यांनी प्रत्यक्ष निरीक्षणंही दाखवली. उन्हाळ्यात वातावरणाच्या वरच्या थरातली सर्वांत उबदार जागा तिबेटच्या माथ्यावर नाही, ती हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर आहे. जिथे जमिनीलगतची हवा सगळ्यात दमट-उष्ण, तिच्याच डोक्यावर.

चिनी संशोधक गप्प बसले नाहीत. २०१२ मध्ये वू ग्वोश्योंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की भिंत ठेवली तरी तिच्या दक्षिण उताराची उष्णता काढून घ्या, मग बघा भारताच्या उत्तरेचा पाऊस कसा ढासळतो. उतार तापतो आणि पंपासारखी हवा वर खेचतो, असं त्यांचं म्हणणं. बूस-क्वांग यांनी २०१३ मध्ये प्रत्युत्तर दिलं. उताराची उष्णता काढली तर पाऊस कमी होतो हे मान्य, पण मैदानातली उष्णता बदलली तर मान्सूनवर त्याहून मोठा परिणाम होतो. उंचावरच्या उष्णतेत खास काही नाही. पूर्व आशियाच्या पावसावर तिबेटच्या उष्णतेचा हात मोठा आहे, याबद्दल फारसा वाद नाही, आणि चीनच्या संशोधकांना पठार जवळचं वाटणं साहजिक आहे. भारतापुरतं मला बूस-क्वांग यांचं पारडं जड वाटतं. पण समजा, वू यांचंच बरोबर. तरी तपनवाद्यांच्या हाती काय लागतं? त्यांचाही पंप हिमालयाच्या उतारावर आहे, आणि तो खेचतो ती दमट हवा. अकोल्याच्या गांधी रोडवर डांबर वितळल्याने तो पंप चालतो असं दोघांपैकी कोणीच म्हटलेलं नाही.

खरं तर उंच प्रदेशाची अवस्था पाहून पाऊस सांगण्याचा खेळ तिबेटच्या सिद्धान्तापेक्षा जुना आहे, आणि वऱ्हाडाने त्याचा फटका खाल्लेला आहे. भारतीय हवामान खातं १८७५ ला सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलं की हिमालयात हिवाळ्या-वसंतात बर्फ जास्त पडला तर पुढचा पावसाळा कमजोर जातो. बर्फ जास्त म्हणजे डोंगर कमी तापणार, म्हणजे तर्क तोच. १८८६ पासून त्यावर अधिकृत अंदाज निघू लागले. ब्लॅनफर्डनंतर जॉन इलियट आले. १८९९ साली त्यांचा अंदाज चांगल्या पावसाचा होता. त्या वर्षी पडला तो दुष्काळ. वऱ्हाडाला एरवी दुष्काळ फारसा माहीत नव्हता, काळ्या जमिनीचा आणि कापसाचा श्रीमंत मुलूख हा. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडात सुमारे एकोणतीस लाख माणसं होती, १९०१ च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लाख. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची सोडून पाच टक्क्यांनी घटली. पुढे गिल्बर्ट वॉकर आले आणि बर्फाच्या पलीकडे त्यांनी प्रशांत महासागराच्या दाबाकडे पाहायला शिकवलं. मान्सूनच्या अंदाजाची खरी वाट तिथून सुरू झाली.

प्रामाणिकपणे माझ्या विरुद्ध जाणारा एक पुरावाही इथेच मांडतो, कारण तो मांडल्याशिवाय हा प्रतिवाद लुळा राहील. वसंत गोवारीकर यांनी १९८८ मध्ये जो प्रसिद्ध सोळा घटकांचा अंदाज बांधला, त्यात मध्य भारताचं मे महिन्यातलं तापमान हा एक घटक होताच. म्हणजे एका मोठ्या मराठी शास्त्रज्ञाला मेच्या उन्हात काहीतरी दिसलं होतं. पण तो सोळांतला एक होता, आणि २००२ मध्ये सोळांचा तो अंदाजच फसला. २००३ मध्ये खात्याने घटकांची यादी नव्याने बांधली, तिच्यात मध्य भारताचा मे नव्हता. २००७ च्या नव्या पद्धतीत तापमानाचा जो जमिनीवरचा घटक उरला तो वायव्य युरोपच्या जानेवारीचा. अकोल्याच्या कुलरची मोटर जळाली यापेक्षा युरोपात जानेवारीत किती थंडी होती हे पावसाबद्दल जास्त सांगून जातं. गमतीची, पण आकड्यांनी कमावलेली गोष्ट आहे.

मग वऱ्हाडात पाऊस आणतं कोण? अरबी समुद्राकडून येणाऱ्या हवेचं बरंचसं पाणी सह्याद्री ओरबाडून घेतो, आपल्याकडे येईपर्यंत तिच्यात उरलेलं असतं थोडं. आपली मुख्य मदार बंगालच्या उपसागरावर. तिथे कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिम-वायव्येला सरकतात, आणि त्यांच्या दक्षिणेच्या कडेला विदर्भ भिजतो. सगळीच पश्चिमेपर्यंत टिकत नाहीत, म्हणून गडचिरोली-चंद्रपूरला जो पाऊस मिळतो त्याच्या मानाने अकोल्याला फार कमी. चंद्रपूर आणि अकोला दोन्ही मेमध्ये सारखेच पेटलेले असतात, देशात पहिला नंबर कुणाचा यावरून दोघांची दरवर्षी चुरस. पाऊस मात्र चंद्रपूरला दीडपट. फरक तापण्यात नाही, उपसागरापासूनच्या अंतरात आहे. आणि २०२१ च्या जुलैतली ती रात्र आठवा, चिपळूण-महाड बुडाले त्याच सुमाराची, मोर्णा नदी अकोल्याच्या वस्त्यांत शिरली होती. तेव्हा वऱ्हाडात कुठलं ऊन होतं? जमीन ओली, आकाश झाकलेलं.

यावर कोणी म्हणेल, मग एल निनोच सांगा, तोच बघून पेरू. तोही एकटा पुरत नाही. २००२, २००९, २०१५, २०२३, चारही एल निनोची आणि चारही तुटीची. पण १९९७ चा एल निनो गेल्या शतकातला सर्वांत जबर, आणि त्या वर्षी पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्त. कारण एकटं कधीच नसतं. मला राग एकच येतो, की एवढ्या मोठ्या यंत्रणेतला जो भाग आपल्या अंगाला चटका देतो तोच आपण यंत्रणेचा चालक समजतो.

नवतप्यात काहीच नाही असंही मी म्हणत नाही. सूर्य उत्तरेला येऊन उपखंड तापलाच नाही तर मान्सून येणार नाही, हे खरं. ते ऋतूचं तापणं आहे, दरवर्षी ठरलेलं. यंदा नवतप्यात दोन अंश जास्त की कमी, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पावसाला माहीत नाही. "नवतपा गळला की वाईट" या म्हणण्यामागे मला एक व्यवहारी शहाणपण दिसतं. मेअखेरची वळवाची सर मान्सून नसते. तिच्या ओलीवर भुलून पेरलं तर पुढे खंड पडतो आणि दुबार पेरणी येते. जुन्या माणसांनी ते असं लक्षात ठेवलं असावं. संत्र्याच्या मृग बहाराला उन्हाळ्यात पाणी तोडून ताण द्यावा लागतो, तिथेही कोरडा मे कामाचा, गळलेला नवतपा बाग बिघडवतो. बागेसाठी नवतपा खरंच मोलाचा. त्यावरून पावसाळ्याचं भविष्य काढायला गेलं की घोटाळा होतो.

घोटाळा किती रुपयांचा ते धूळपेरणीवाल्याला विचारा. नवतपा कडक गेला, आता मृग चुकणार नाही, असं म्हणून कोरड्या मातीत सरकी टोकली जाते. कपाशीच्या बियाण्याचं ४७५ ग्रॅमचं एक पाकीट २०२५ मध्ये ९०१ रुपयांना होतं. एकराला दोन पाकिटं धरली तरी पाच एकरवाल्याचे नऊ हजार मातीत. वर वखरणी, मजुरी, खत. मग १० जूनला एक सडाका येतो, बी फुगतं, आणि पुढचे पंधरा दिवस आकाश कोरं. नवतपा गळलेल्या २०२५ मध्येही घाई करणाऱ्याचं हेच झालं असतं. मेअखेरीस मान्सून विदर्भाच्या दारात आला आणि तिथेच जूनच्या मध्यापर्यंत अडून बसला. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि कृषी खातं दरवर्षी एकच पाढा वाचतात: पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हा सल्ला नीरस आहे, त्यात नक्षत्र नाही, सूर्य नाही, गोष्ट नाही. म्हणून त्याला चौकात टाळ्या मिळत नाहीत.

राहिली तिसरी पायरी, तापमानवाढीची. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की गेल्या शतकात हिंदी महासागर झपाट्याने तापला, त्यामुळे जमीन आणि समुद्र यांच्यातला उष्णतेचा उतार सपाट होत गेला आणि मध्य-पूर्व भारताचा पाऊस घटला. म्हणजे नुसती जमीन तापून भागत नाही, समुद्रही तिच्याबरोबर शर्यतीत असतो. त्याच गटाच्या २०१७ च्या अभ्यासात मध्य भारतात १९५० पासून मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं निघालं. तापमान एक अंश वाढलं की हवा साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते पाणी मग ठिबकत नाही, ओतलं जातं. दोन ओतण्यांच्या मध्ये खंड लांबतो, त्या खंडात वाढलेलं ऊन शेतातली ओल आणखी वेगाने ओढून नेतं. काळ्या जमिनीत सोयाबीनला याचा अर्थ काय, ते वऱ्हाडात कुणाला शिकवायची गरज नाही. ऑगस्टमध्ये भेगा, सप्टेंबरमध्ये शेतात गुडघाभर पाणी आणि शेंगेतून फुटलेले कोंब.

तेव्हा येत्या मेमध्ये कोणी "जेवढी तपन तेवढा पाऊस" म्हणालं तर त्याला तापमान विचारू नका. आर्द्रता किती होती ते विचारा, उपसागरात काही हलतंय का ते विचारा, आणि त्याने स्वतः सरकी टोकली का तेही.